गोदामावरील मजुरांची हजेरी मोबाईलवर : फायदा केव्हा होतो?

धाराशिव जिल्ह्यात सोयाबीन, तूर, उडीद गोळा करून स्वच्छ करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. सोयाबीनची आवक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकदम वाढते आणि हमाल, चाळणीवरील मजूर, काटेवाले यांची गरजही त्याच दिवसांत पडते. अशा वेळी वहीत घोळ झाला की मजुरी अडकते, मजूर दुसरीकडे जातात आणि सभासदांचा माल ट्रॉलीतच पडून राहतो. म्हणून आपल्या कंपनीने हजेरी, काम व मजुरीची नोंद मोबाईलवर किंवा संगणकावर ठेवावी.

हजेरीसोबत कामही नोंदवा

नुसत्या हजेरीने कामाचा अंदाज येत नाही. समजा, १० मजुरांनी प्रत्येकी ४०० रुपये रोजाने दिवसात ८० क्विंटल माल स्वच्छ करून भरला, तर क्विंटलला ५० रुपये मजुरी पडते. दुसऱ्या दिवशी ५० क्विंटलच भरला, तर ती ८० रुपये होते. हा फरक दिसताच कारण शोधावे. वीज गेली असेल, बारदाना संपला असेल किंवा ट्रॉल्या उशिरा आल्या असतील. यात मजुरांचा दोष नसतो. दोष व्यवस्थेत असेल तर तो तेथेच दुरुस्त करावा.

फोटोवर विसंबू नका

रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर १ जानेवारी २०२३ पासून मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा फोटोसह हजेरी सक्तीची झाली. रेंजअभावी हजेरी न लागल्याच्या तक्रारी आल्या. शिवाय फोटोचाच फोटो काढून चढविण्याचे प्रकार घडत असल्याचे केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये राज्यांना कळविले व फोटो तपासण्यास सांगितले. म्हणजेच, यंत्र आले तरी तपासणी सुटत नाही.

ही काळजी घ्या

१. हजेरी घेणारा व मजुरी देणारा वेगवेगळा असावा.
२. रोज सायंकाळी नोंद मजुरांना वाचून दाखवावी. चूक त्याच दिवशी दुरुस्त करावी.
३. रेंज वा वीज नसल्यास वहीत सही किंवा अंगठा घेऊन दुसऱ्या दिवशी नोंद चढवावी.
४. मजुरी ठरलेल्या वारी बँक खात्यात जमा करावी.

पहिला महिनाभर वही व मोबाईल दोन्ही चालू ठेवावेत. दोन्हींचा ताळा जमला की मोबाईलची नोंद मुख्य धरावी. मजुराला हिशेब पटला, तरच तो पुढच्या हंगामात आपल्या गोदामावर येईल.