इंजिनाचा दिवा : लक्षण आणि निदान

मोटारीच्या दर्शनी फलकावर इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला, की 'इंजिन बिघडले' असा अर्थ सर्रास लावला जातो. वस्तुतः यंत्रणेने एखाद्या दोषाची नोंद केली आहे, एवढेच तो सांगतो. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीच्या झालेल्या पद्धतीत ही नोंद पाच चिन्हांची असते. 'पी०१७१' हा संकेत घ्या. 'पी' हा इंजिन व शक्तिवहनाचा विभाग. शून्य म्हणजे सर्व उत्पादकांना समान असा संकेत. पुढील १ इंधन व हवा यांच्या नियमनाचा. शेवटचे दोन अंक विशिष्ट दोषाचे. स्थानावरून अर्थ ठरणारी ही पदरचना भाषाभ्यासकास परिचितच वाटेल. परंतु पदाचा अर्थ एवढाच, की मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा अधिक आढळली. त्याचे कारण नळीची चीर असेल, इंधनपंपाचा अपुरा दाब असेल किंवा हवामापकावरील धूळही असेल. संकेत वाचताच प्राणवायूचा सेन्सर बदलणारा कारागीर लक्षणालाच निदान समजतो. पैसे जातात आणि दिवा पुन्हा लागतो.

तेलाच्या लाल दिव्याबाबत ही गफलत अधिक महाग पडते. तो तेलाचे प्रमाण नव्हे, दाब कमी झाल्याचे सांगतो. तेल पुरेसे असूनही पंप निकामी झाल्यास तो लागतो. अशा वेळी गाडी तत्काळ थांबवून इंजिन बंद करावे. पुढच्या गॅरेजपर्यंत जाऊ म्हणणाऱ्याची बेअरिंगे वाटेतच जळू शकतात.