ह्यूस्टनची थंडी आणि आपली शेगडी

फेब्रुवारी २०२१. करोनामुळे ह्यूस्टनला लेकीकडचा आमचा मुक्काम लांबला होता. टेक्सास म्हणजे उकाड्याचा मुलूख, हवाही मुंबईसारखी दमट. म्हणून आम्ही दोघांनी एकेकच स्वेटर नेला होता. सोमवारी, १५ तारखेच्या पहाटे वीज गेली. अंगणात बर्फ पडलेला. ‘तासाभरात येईल’ म्हणता म्हणता रात्र झाली, आणि मंगळवारी पहाटे पारा उणे १० अंशांपर्यंत उतरला.

तिथे उन्हाची तयारी असते, थंडीची नसते. थंडीने वीजकेंद्रे बंद पडली, गॅसचा पुरवठा आटला. राज्याचे वीजजाळे बाकी देशापासून बरेचसे वेगळे असल्याने बाहेरूनही पुरेशी वीज येईना. ४५ लाखांहून अधिक घरे-दुकाने अंधारात गेली. घराघरांतले नळ गोठून फुटले आणि बुधवारपासून ह्यूस्टनभर पाणी उकळून पिण्याचा आदेश निघाला.

मी जावयांना म्हटले, “अंगणातली कोळशाची शेगडी दिवाणखान्यात आणा.” अलिबागकडच्या आमच्या घरात थंडीच्या दिवसांत आजी शेगडीपाशीच बसायची. जावई ठाम नाही म्हणाले. मला राग आला. पण चूक माझीच होती. आजीच्या घराच्या कौलांतून वारा खेळायचा. हे घर डबीसारखे बंद. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तो रक्तातल्या प्राणवायूची जागा घेतो. आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते, आणि त्या झोपेतून माणूस उठतोच असे नाही. त्या आठवड्यात टेक्सासमध्ये घरात कोळसा पेटवून किंवा बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून शेकडो लोक रुग्णालयात पोचले. काही दगावले.

दुसरी चूक याहून मोठी होती. मी तीस वर्षे परिचारिकेची नोकरी केली. तरी मध्यरात्री ‘हे’ कुडकुडायचे थांबले तेव्हा मला वाटले, चला, ऊब आली. थोड्या वेळाने ते लेकीला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारू लागले, जीभ जड झाली. पोटाला हात लावला तर ते थंडगार. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की असे होते. कुडकुडणे थांबणे हे सुधारल्याचे नव्हे, बिघडल्याचे लक्षण.

ओलसर मोजे काढले, डोक्याला शाल गुंडाळली, लेक आणि मी दोन्ही बाजूंनी त्यांना बिलगून झोपलो. शुद्ध होती म्हणून गॅसवर केलेला गोड चहा घोट घोट पाजला. हातपाय चोळले नाहीत. आधी छाती-पोट ऊबदार करायचे असते. उजाडताच वीज असलेल्या शेजाऱ्यांकडे नेले. ते वाचले. राज्याच्या नोंदीनुसार त्या वादळात २४६ माणसे गेली, बहुतेक थंडीनेच.

उतारवयात त्वचेखालची चरबी कमी होते, थंडी उशिरा जाणवते. मधुमेह, थायरॉईड, झोपेच्या गोळ्या यांनी धोका वाढतो. थंडीत दारूचा घोट घेतला तर ऊब वाटते, पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. मुलांकडे परदेशी जाताना हवामान कसेही सांगोत, लोकरीची टोपी, मोजे आणि पंधरा दिवसांची जादा औषधे जवळ ठेवा.

“आम्ही कुठे अमेरिकेला निघालोय?” असे म्हणाल. पण तोच विषारी वायू बंद न्हाणीघरातल्या गॅसच्या गीझरमधूनही निघतो. गीझर न्हाणीघराबाहेर बसवा. तोवर पाणी बादलीत काढून घ्या, गीझर बंद करा, खिडकी उघडी ठेवा आणि मगच अंघोळीला बसा.

आणि कडाक्याच्या थंडीत घरातले वडीलधारे “मला नाही वाजत थंडी” म्हणाले, तर लगेच खरे मानू नका. सदऱ्याखाली पोटाला हात लावून पाहा.