सोन्याची पारख

‘सोने पाहावे कसून, माणूस पाहावे बसून’ अशी मराठीत एक जुनी म्हण आहे. सोने नुसते डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाही, ते कसोटीच्या दगडावर घासावे लागते, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव या म्हणीत साठविलेला आहे. कस, कसोटी, बावनकशी हे शब्द सोनाराच्या पेढीवरूनच मराठी बोलण्यात आले. परंतु सोनाराच्या हाती पडते ते तयार सोने. तेच सोने डोंगराच्या पोटात किंवा नदीच्या वाळूत दडलेले असते, तेव्हा त्याची पारख कशी करावयाची आणि दगडमातीतून ते वेगळे कसे काढावयाचे, हा प्रश्न अधिक अवघड आहे. या पारखीत चूक झाली, तर केवढी हानी होते याचे एक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात नमूद आहे.

१५७६ साली मार्टिन फ्रोबिशर हा इंग्रज दर्यावर्दी चीनकडे जाणारा उत्तरेकडील जलमार्ग शोधीत आजच्या कॅनडातील बॅफिन बेटापर्यंत जाऊन पोहोचला. परतताना त्याच्या माणसांनी तेथील एक काळा दगड बरोबर आणला. लंडनमधील पारख्यांनी त्यात सोने नसल्याचे सांगितले. एकाने मात्र सोने असल्याचा निर्वाळा दिला, आणि ऐकणाऱ्यांना तेच ऐकावयाचे होते. राणी एलिझाबेथसह अनेकांनी मोहिमेसाठी पैसा पुरविला. १५७७ साली सुमारे २०० टन आणि १५७८ साली पंधरा जहाजे पाठवून हजाराहून अधिक टन दगड समुद्रापलीकडून आणण्यात आला. तो वितळविण्यासाठी मोठ्या भट्ट्या उभारल्या गेल्या. पण सोने काही निघाले नाही. मोहिमेचा पुरस्कर्ता मायकेल लॉक हा व्यापारी कर्जापायी तुरुंगात गेला आणि सोन्याच्या आशेने आणलेला तो दगड अखेर रस्ते दुरुस्त करण्याच्या कामी आला.

निसर्गात सोन्याचा भास निर्माण करणारे पदार्थ पुष्कळ आहेत. त्यांपैकी दोन विशेष फसवे होत. पहिला माक्षिक. लोखंड आणि गंधक यांच्या संयोगाने बनलेले हे खनिज पितळेसारखे पिवळे असून त्याचे स्फटिक चौकोनी व चकचकीत असतात. दुसरा पदार्थ अभ्रक. ओढ्याच्या वाळूत त्याचे पिवळसर पापुद्रे उन्हात असे काही झळकतात, की पाहणारा हरखून जातो. या दोहोंतून खरे सोने निवडण्यासाठी पुढील साध्या परीक्षा पुरेशा आहेत.

पहिली परीक्षा प्रकाशाची. संशयित कण उन्हात धरून सावकाश फिरवावा. अभ्रक किंवा माक्षिक असेल, तर एका बाजूने ते चमकते आणि दुसऱ्या बाजूने काळवंडते. सोने मात्र उन्हात आणि सावलीत, सर्व बाजूंनी सारखेच पिवळे दिसते. दुसरी परीक्षा रेषेची. झिलई नसलेल्या चिनी मातीच्या तुकड्यावर कण घासला असता सोन्याची रेषा पिवळीच उमटते; माक्षिकाची रेषा हिरवट काळी उमटते. तिसरी परीक्षा मऊपणाची. सोने टाचणीच्या टोकाने दबते व त्यावर ओरखडा पडतो. माक्षिकावर टाचणी नुसती घसरते. हातोडीचा हलका घाव घातल्यास सोने चपटे होऊन पसरते आणि माक्षिकाचा भुगा होतो. चौथी परीक्षा वजनाची. एक लिटर पाणी एक किलोग्रॅम भरते. तेवढ्याच आकारमानाची गारगोटी सुमारे अडीच किलोग्रॅमपेक्षा थोडी अधिक, माक्षिक सुमारे पाच किलोग्रॅम, तर सोने एकोणीस किलोग्रॅमांहूनही अधिक भरते.

या परीक्षांत एक मर्म आहे. सोने जड आहे, मऊ आहे आणि ते अन्य पदार्थांशी सहजासहजी संयोग पावत नाही. म्हणूनच ते गंजत नाही व त्याची झळाळी कायम राहते. ज्या गुणांनी सोने ओळखले जाते, त्याच गुणांच्या साहाय्याने ते दगडमातीतून सोडविलेही जाते.

जडपणाचा उपयोग माणसाला सर्वांत आधी कळला. डोंगर झिजतात, तेव्हा त्यांतील सोन्याचे कण पावसाच्या पाण्याबरोबर नदीत येतात. प्रवाह जेथे मंदावतो, तेथे म्हणजे वळणाच्या आतील बाजूस, मोठ्या दगडांच्या आडोशास अथवा तळखडकाच्या भेगांत, हे जड कण खाली बसतात. अशा जागेची वाळू उथळ परातीत घेऊन पाण्यात गोल फिरविली, की हलकी माती व वाळू पाण्याबरोबर काठावरून निघून जाते. शेवटी तळाशी काळी जड वाळू उरते. तीतील पुष्कळ कण लोहचुंबकाने वेचून काढता येतात. उरलेल्या चिमूटभर वाळूत, दैव अनुकूल असल्यास, पिवळा कण दिसतो. पूर्व विदर्भात आणि मध्य भारताच्या काही भागांत सोनझरी समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या नदीची वाळू धुऊन अशा रीतीने सोने वेचीत आले. सोनाराच्या दुकानातील केर धुऊन त्यातील सोने काढणारे झारेकरी याच कलेवर आपला चरितार्थ चालवीत.

कर्नाटकातील कोलारच्या प्रसिद्ध खाणींचा आधुनिक इतिहासही माती धुण्यापासूनच सुरू होतो. १८०२ साली जॉन वॉरन या ब्रिटिश लष्करातील अधिकाऱ्याच्या कानावर त्या परिसरातील सोन्याच्या कथा आल्या. त्याने बक्षीस जाहीर केले, तेव्हा गावकरी मातीने भरलेल्या बैलगाड्या घेऊन आले आणि त्यांनी त्याच्यासमक्ष माती धुऊन सोन्याचे कण काढून दाखविले. जे सरकारी अधिकाऱ्याला शोधावयाचे होते, ते तेथील रहिवाशांना पूर्वीपासून ठाऊक होते. पुढे १८७१ साली मायकेल लॅव्हेल या माजी सैनिकाने तेथे पुन्हा शोध आरंभिला आणि १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स या कंपनीने यंत्रांच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर खोदकाम हाती घेतले. खाणींना वीज मिळावी म्हणून कावेरी नदीवरील शिवसमुद्रम् येथे वीजकेंद्र उभारण्यात आले आणि १९०२ साली तेथून कोलारला वीज आली.

खाणीतील सोने नदीतल्याप्रमाणे सुटे नसते. खडकाच्या भेगांत गारगोटीच्या शिरा असतात आणि त्यांत सोने अत्यंत सूक्ष्म कणांच्या रूपाने विखुरलेले असते. ज्या दगडातून धातू काढणे परवडते, त्यास धातुक म्हणतात. सोन्याच्या धातुकात बहुधा डोळ्यांना सोने दिसतच नाही. एका टनात चार-पाच ग्रॅम सोने असले, तरी ते धातुक चांगले समजले जाते. म्हणजे एक तोळा सोन्यासाठी दोन टनांहून अधिक दगड फोडावा लागतो!

असा न दिसणारा धातू दगडात आहे की नाही, हे ठरवावयाचे कसे? त्यासाठी प्रथम नमुना प्रामाणिकपणे घ्यावा लागतो. नवशिका मनुष्य सर्वांत चमकदार दगड उचलतो आणि तेथेच फसतो. जाणकार मनुष्य शिरेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारख्या अंतरावर कपऱ्या काढतो. त्या सर्व कुटून, एकत्र मिसळून त्यांचा ढीग करतो. ढिगाचे चार समान भाग करून समोरासमोरचे दोन ठेवतो व दोन टाकून देतो. उरलेले पुन्हा मिसळून पुन्हा चार भाग करतो. अशा रीतीने शेवटी जी मूठभर पूड उरते, ती साऱ्या शिरेची प्रतिनिधी असते.

ही पूड प्रयोगशाळेत शिशाचे भस्म, टाकणखार इत्यादींबरोबर मुशीत वितळवितात. त्या वेळी तयार झालेले द्रवरूप शिसे पुडीतील सोने व चांदी आपल्यात सामावून घेते आणि मुशीच्या तळाशी बसते. हे शिसे हाडांच्या राखेच्या लहान वाटीत ठेवून पुन्हा तापविले, की शिशाचे भस्म होऊन ते वाटीत शोषले जाते आणि मोहरीहून लहान असा सोन्याचांदीचा मणी मागे राहतो. मण्यात चांदीचे प्रमाण पुरेसे असले, म्हणजे तो नायट्रिक आम्लात टाकल्यावर चांदी विरघळते. सोने तसेच राहते. त्याचे वजन केले, की एका टनात किती सोने आहे याचा हिशेब मांडता येतो. फ्रोबिशरच्या मोहिमेला पैसा पुरविणाऱ्यांनी नको ते उत्तर देणाऱ्या मण्यावर विश्वास ठेवला असता, तर त्यांचे द्रव्य वाचले असते.

परीक्षा उत्तीर्ण झालेले धातुक प्रथम यंत्रांनी फोडून पिठासारखे दळतात. त्यातील मोठे कण जडपणामुळे धुऊन वेगळे होतात. अतिसूक्ष्म कणांसाठी मात्र रसायनाची मदत घ्यावी लागते. सोने सहसा कशात विरघळत नाही. परंतु हवेच्या सान्निध्यात सायनाइडच्या सौम्य द्रावणात ते विरघळते. या गुणाचा उपयोग करणारी रीत १८८७ साली स्कॉटलंडमध्ये शोधली गेली. दळलेल्या दगडात चुना व सायनाइडचे द्रावण मिसळून त्यात हवा सोडतात. चुन्यामुळे विषारी वायू निर्माण होत नाही. सोने द्रावणात उतरले, की ते टिपून घेण्यासाठी विशेष रीतीने तयार केलेला कोळसा वापरतात. हा कोळसा बहुधा नारळाच्या करवंटीचा असतो. कोळशातून सोने सोडवून विजेच्या साहाय्याने गोळा करतात आणि टाकणखार घालून भट्टीत वितळवितात. सोने १०६४ अंश सेल्सिअस तापमानास वितळते. कर्नाटकातील हट्टी येथील खाणीत आजही सोने काढले जाते.

चांदीचा स्वभाव याहून निराळा आहे. ती गंधकाशी सहज संयोग पावते. म्हणून घरातील चांदीची भांडी काळी पडतात. याच कारणाने निसर्गात शुद्ध चांदी क्वचित आढळते आणि आढळली तरी काळवंडलेली असते. पांढऱ्या चकाकीच्या मागे लागणारा तिला ओळखू शकत नाही. ती बहुधा शिशाच्या धातुकात दडलेली असते. गॅलिना नावाचे हे धातुक करड्या रंगाचे, हातास जड आणि फुटताना चौकोनी तुकडे पडणारे असते. राजस्थानातील जावर, राजपुरा-दरीबा या भागांत शिसे व जस्त यांच्या प्राचीन खाणी आहेत. भारतात निघणारी बहुतेक चांदी आज राजस्थानातील शिसे-जस्ताच्या खाणींतूनच मिळते. हे धातुक दळून पाण्यात मिसळतात आणि काही रसायने घालून त्यात हवेचे बुडबुडे सोडतात. गॅलिनाचे कण बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. दगड खाली राहतो. पुढे त्यातून शिसे वितळवून काढतात आणि शिशातून चांदी वेगळी करतात. जुन्या रीतीत वितळलेल्या शिशावर भात्याने हवा सोडीत. शिशाचे मुरदाडशिंग होऊन ते निघून जाई आणि शेवटचा पापुद्रा विरताच चांदी विजेसारखी झळकून उठे.

दगड धुणे, घासणे, तोलणे या परीक्षा कोणाही जिज्ञासू विद्यार्थ्याला करता येतील. परंतु आम्ले, पारा, सायनाइड आणि शिशाची भट्टी यांच्या वाटेस अननुभवी माणसाने कदापि जाऊ नये. पारा सोन्याचे कण चटकन पकडतो, म्हणून अनेक देशांत गरीब लोक त्याचा उपयोग करतात. पण तो उडवून लावण्यासाठी तापविला, की त्याची वाफ मेंदूवर घातक परिणाम करते आणि नदीत गेलेला पारा माशांवाटे माणसांच्या पोटात येतो. हे संकट ओळखून २०१३ साली जगातील अनेक राष्ट्रांनी पाऱ्याचा वापर कमी करण्याविषयी मिनामाता करार केला.

सोन्याची किंमत अशी अनेकांनी चुकविलेली आहे. कोलारच्या खाणी तीन किलोमीटरांहूनही खोल गेल्या होत्या. तेथे खडक इतका तापलेला असे, की थंड हवा आत सोडल्याशिवाय काम अशक्य होते. वरच्या दाबाने कड्यांचे अकस्मात स्फोट होत. गारगोटीची धूळ छातीत जाऊन कित्येक कामगारांची फुप्फुसे निकामी झाली. खोली वाढत गेली, दगडातील सोन्याचे प्रमाण घटत गेले आणि २००१ साली त्या खाणी बंद झाल्या. दळून उरलेल्या दगडाच्या राखी टेकड्या मात्र अजून तेथे उभ्या आहेत आणि वारा सुटला की त्यांची धूळ आसपासच्या वस्त्यांवर येते. बोटातील लहानशा अंगठीमागे कोठेतरी टनभर दगड असा दळलेला असतो आणि तो खोदणारे हातही असतात. सोन्याची खरी पारख करणाऱ्याने कसोटीवरील रेषेबरोबर हा हिशेबही ध्यानात ठेवला पाहिजे.