उभ्या चौकटीचा न्याय

चित्राची चौकट उभी असावी की आडवी, हा प्रश्न वरवर सुताराचा वाटतो. वस्तुतः तो दृष्टीचा आहे. चौकटीचा आकार ठरला की चित्रात काय येणार आणि काय बाहेर राहणार, याचा निम्मा निकाल तेथेच लागतो. मोबाइल फोन उभा धरून चित्रण करण्याची प्रथा रूढ झाल्यापासून, हा आकार म्हणजे दृश्यकलेचा अधःपात आहे, अशी हाकाटी अनेक जाणकार करीत असतात. इतिहास मात्र या आरोपाला दुजोरा देत नाही.

चित्रकारांना उभी चौकट कधीच परकी नव्हती. इसवी सन १००० च्या सुमारास चीनमधील फान क्वान याने सुमारे दोन मीटर उंच आणि एक मीटर रुंद अशा रेशमी पटावर पर्वत रंगविला. वरचा बहुतेक भाग पर्वताने व्यापला आहे; खाली मुंगीएवढे वाटसरू आपली जनावरे हाकीत चालले आहेत. माणसाचे लहानपण सांगण्यासाठी त्याला उंचीच हवी होती. जपानच्या हिरोशिगेने १८५६ ते १८५८ या काळात एदो नगरीची दृश्यमालिका उभ्या आकारातच छापली. आपल्याकडे राजा रविवर्म्याची कमळावर उभी असलेली लक्ष्मी घरोघरी पोहोचली, तीही उभ्या चौकटीतच.

त्याच रविवर्म्याच्या छापखान्यात काही काळ काम केलेल्या दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखविला, तेव्हा मात्र पडदा आडवा होता. चारास तीन हे त्याचे प्रमाण कलाचिंतनातून नव्हे, तर फिल्मच्या पट्टीच्या मापातून आलेले होते. रशियन दिग्दर्शक आयझेनस्टाइन याने १९३० साली हॉलिवुडमध्ये या रूढीवर बोट ठेवले. पडदा चौरस असावा, म्हणजे प्रसंगानुसार उभी वा आडवी रचना करता येईल, अशी त्याची मागणी होती. ती कोणी मानली नाही. उलट १९५३ च्या ‘द रोब’पासून सिनेमास्कोपचा पडदा उंचीच्या अडीचपट रुंद झाला. तरीही उंचीची ओढ संपत नाही. प्रभातच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’मध्ये विमानातून वैकुंठाला जाणारा तुकाराम आणि जमिनीवर मागे राहिलेली जिजाई यांच्यातील अंतर हाच अखेरच्या प्रसंगाचा आशय आहे, आणि ते अंतर उंचीचे आहे.

तेव्हा दोष उभ्या आकाराचा नव्हे. दोष निवड न करण्याचा आहे. फान क्वानने उंची निवडली. फोनचा आकार मात्र तळहाताच्या सोयीने ठरला. रस्त्यावरच्या भांडणाचे उभे चित्रण जवळून पाहताना एकाचा संतप्त चेहरा दिसतो. त्याच्या शेजारी कोण उभे होते, त्याला कोणी डिवचले, हे चौकटीबाहेर राहते. तेवढ्यावरून हजारो लोक न्यायनिवाडा करून मोकळे होतात. आडवी चौकटही काही लपवितेच, पण माणसामाणसांमधील संबंध तिच्यात अधिक सहज मावतात.

शाळेतील चित्रकलेच्या तासाला एकच झाड मुलांकडून उभ्या आणि आडव्या अशा दोन्ही कागदांवर काढून घ्यावे. एकात शेंडा गवसेल, दुसऱ्यात सावलीत बसलेली माणसे. दोन्ही चित्रे खरी असूनही दोन्ही अपुरी आहेत, हे ज्याला लहानपणी उमगले, तो पुढे कोणत्याही पडद्यावर सहजासहजी फसणार नाही.