रात्रीचे पाणी आणि शरीराचे घड्याळ

सूर्य मावळला की चिंचेची पाने मिटतात आणि कोंबड्या खुराड्यात शिरतात. पहाट होताच हेच जीव कोणी न उठवता जागे होतात. शेतकऱ्यास हा क्रम नवा नाही. परंतु तो केवळ बाहेरच्या उजेडाने चालत नसून जीवाच्या अंगातच वेळ मोजण्याची सोय असते, ही गोष्ट शास्त्राने सावकाश उलगडली. नाशिक जिल्ह्यात कांद्याला, गव्हाला आणि द्राक्षबागांना रात्री पाणी देणाऱ्या शेतकऱ्यांच्या प्रकृतीशी तिचा निकटचा संबंध असल्याने ती समजून घेणे अगत्याचे आहे.

अंगातील घड्याळ

1729 साली द मेराँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक झाड अंधारात ठेवून पाहिले. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत राहिली. पुढे पिकलेल्या फळांवर घोंगावणाऱ्या बारीक माशीचा अभ्यास करून हॉल, रॉसबॅश व यंग या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांनी हे घड्याळ पेशीत कसे चालते ते दाखविले. त्याबद्दल त्यांना 2017 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीत एक प्रथिन तयार होत जाते; ते पुरेसे साठले की आपलीच निर्मिती थांबविते, आणि झिजून कमी झाले की निर्मिती पुन्हा सुरू होते. टाकी भरली की तोटी आपोआप मिटावी व रिती झाली की उघडावी, तसाच हा प्रकार होय. त्याचा एक फेरा सुमारे 24 तासांचा असतो.

मनुष्याचे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे मज्जातंतू जेथे एकमेकांस छेदतात त्याच्या किंचित वर असते. ते जवळजवळ 20 हजार पेशींचे बनलेले आहे. त्याचा फेरा बहुतेकांत 24 तासांहून थोडा अधिक भरतो. म्हणून त्याला रोज किल्ली द्यावी लागते आणि ती किल्ली म्हणजे सकाळचा सूर्यप्रकाश होय. अंधार पडल्यावर मेंदूतील एका लहान ग्रंथीतून मेलाटोनिन नावाचा द्रव रक्तात येऊ लागतो व शरीरास रात्र झाल्याची वर्दी मिळते. हा द्रव 1958 साली गाईबैलांच्या मेंदूतील ग्रंथींपासूनच प्रथम वेगळा करण्यात आला. रात्री डोळ्यांवर प्रखर उजेड पडला, तर तो पाझरणे कमी होते व झोप लांबते.

जेवणाचे दुसरे घड्याळ

घड्याळ केवळ मेंदूतच असते असे नव्हे. यकृत, आतडी, स्वादुपिंड या प्रत्येकास स्वतःचे घड्याळ आहे आणि ते मुख्यतः जेवणाच्या वेळेवर लागते. उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळीच खाणे देत राहिल्यास काही दिवसांत यकृताचे घड्याळ उलटे फिरते, मेंदूचे मात्र जागच्या जागी राहते, असे प्रयोगांत आढळून आले आहे. एका बैलाने पुढे व दुसऱ्याने मागे ओढावे, तशी मग शरीराची अवस्था होते.

मनुष्याच्या अंगात रक्तातील साखर आवरण्याची शक्ती सकाळी अधिक व रात्री कमी असते. अमेरिकेत 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 19 निरोगी तरुणांना रात्रपाळीप्रमाणे जागविण्यात आले. ज्यांनी रात्री जेवण घेतले त्यांची रक्तातील साखर सरासरी 6.4 टक्क्यांनी वाढली. ज्यांनी जागरण तेवढेच केले परंतु जेवण दिवसाच घेतले, त्यांच्यात अशी वाढ दिसली नाही. प्रयोग लहान असला तरी त्यातील बोध मोलाचा आहे. जागरण टळण्यासारखे नसले, तरी मध्यरात्रीचे जेवण टाळता येते.

नाशिकची रात्रपाळी

कृषिपंपांना थ्री-फेज वीज काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री, अशी गटागटाने देण्याची पद्धत राज्यात दीर्घकाळ चालत आली आहे. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड होते, गव्हाला पाणी लागते, द्राक्षाचे मणी फुगत असतात. ह्याच दिवसांत निफाडचा पारा काही वर्षी 5 अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. अशा थंडीत शेतकरी बॅटरी घेऊन दारे धरावयास जातो. बिबट्या व सापाचे भय असतेच. शिवाय पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान सर्वांत कमी व सावधानता सर्वांत मंद असते. नेमक्या त्याच वेळी ओल्या हाताने स्टार्टरशी गाठ पडते.

ह्यात घरच्या गृहिणीचाही विचार व्हावयास हवा. रात्री उशिरा डबा करून देणारी व पहाटे धारेसाठी उठणारी स्त्री शेतात गेली नाही, तरी तिचीही झोप तुटतेच.

काय करावे

1. रात्रीच्या पाळीपूर्वी दुपारी किंवा संध्याकाळी तास-दीड तास झोप घ्यावी. जेवण नेहमीप्रमाणे सात-आठच्या सुमारास करावे.

2. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत भरपेट जेवू नये. भूक लागल्यास मूठभर फुटाणे वा शेंगदाणे खावेत व पाणी प्यावे. मधुमेहाचे औषध चालू असणाऱ्यांनी जेवणाच्या वेळा डॉक्टरांस विचारूनच ठरवाव्यात.

3. चहा घ्यावयाचा तर पाळीच्या आरंभी घ्यावा. मध्यरात्रीनंतरचा चहा सकाळची झोप उडवितो.

4. शेतात उजेडाची काटकसर करू नये. पायात बूट व हातात चांगली बॅटरी असावी. मात्र काम संपल्यावर मोबाईल पाहत बसू नये.

5. पहाटे काम संपल्यास घरी जाऊन लगेच अंधाऱ्या खोलीत निजावे. सूर्य उगवला असेल, तर वाटेत डोक्यावरून उपरणे किंवा टोपी पुढे ओढून घ्यावी.

6. उठल्यावर मात्र उन्हात यावे व दुपारचे जेवण नेहमीच्या वेळी घ्यावे. रात्रीची पाळी थोडेच दिवस असल्यास घड्याळ उलटे करण्यापेक्षा दिवसाशी बांधून ठेवणे हिताचे.

7. एकट्याने जाऊ नये. घरातील वा शेजारच्या दोघांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. एक जागा असताना दुसऱ्याने वीस मिनिटे डोळा लावला, तरी सावधानता सुधारते.

जेथे शेततळे आहे तेथे रात्रीच्या विजेवर ते भरून घ्यावे, आणि जमिनीला उतार असल्यास सायफनने, नाहीतर सौर पंपाने दिवसा पिकास पाणी द्यावे. विहिरीचे पाणी तेवढेच लागेल, परंतु वाफ्यात दारे धरण्याचे काम दिवसा होईल.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील वीजपुरवठ्याचे वेळापत्रक जवळ ठेवावे व रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सभा किंवा प्रात्यक्षिक ठेवू नये. आरोग्य शिबिरात रक्तदाब व साखर तपासताना रात्री पाणी भरणाऱ्यांस आवर्जून बोलवावे. दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली व 2023 साली तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. तिच्यासाठी उपकेंद्राजवळची जमीन भाड्याने देता येते, ही माहिती ग्रामसभेत द्यावी.

दिवसा वीज ही केवळ सोयीची बाब मानली जाते. वस्तुतः ती आरोग्याचीही बाब आहे. पिकाला पाणी वेळेवर मिळावे म्हणून शेतकरी रात्र रात्र जागतो. ते पाणी धरणाऱ्या देहालाही उजेड, अन्न आणि झोप वेळेवर मिळाली पाहिजे. पीक एका हंगामाचे असते, शरीर मात्र सर्व हंगामांना पुरवावयाचे असते.