श्वासयंत्राच्या ताब्यातून

गळ्याला छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसविलेला आणि आठवडेच्या आठवडे व्हेंटिलेटरवर असलेला रुग्ण यंत्रावाचून केव्हा राहू शकेल, हा प्रश्न त्याचे आप्त दररोज विचारतात. आणि त्याचे उत्तर डॉक्टरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते, याचे कारण ते यंत्रच असते. श्वसनाचा सारा जिम्मा यंत्राने उचलला की मध्यपटलाचा स्नायू निरुद्योगी होतो व झपाट्याने क्षीण होतो. २००८ साली मेंदू मृत झालेल्या अवयवदात्यांची तपासणी झाली, तेव्हा अवघ्या १८ ते ६९ तासांच्या निष्क्रियतेने त्या स्नायूचे तंतू निम्म्याहून अधिक रोडावल्याचे आढळले होते.

स्नायूची ही गमावलेली शक्ती परत आणण्याचे दोन मार्ग रूढ होते. एकात श्वासाला आधार देणारा यंत्राचा दाब दिवसागणिक थोडाथोडा उतरवीत नेतात. दुसऱ्यात यंत्र साफ काढून गळ्यातील नळीसमोर सैलसर ‘कॉलर’ बांधतात, तिच्यातून प्राणवायुमिश्रित दमट हवा तेवढी मिळते, श्वास मात्र रुग्णाने स्वतःच ओढायचा असतो. शिकागोनजीक हिन्सडेल येथील एका विशेष रुग्णालयात अमल जुब्रान आणि मार्टिन टोबिन या डॉक्टरांनी २००० ते २०१० या काळात या दोहोंची तुलना केली.

त्यांनी आरंभी ५०० रुग्णांचे यंत्र काढून पाच दिवस नुसते निरीक्षण केले, आणि काय आढळले? १६० जणांना यंत्राची गरजच उरलेली नव्हती! ते इतके दिवस यंत्राला जखडून राहिले, ते केवळ कोणी काढून पाहिले नाही म्हणून. माझ्या मते साऱ्या प्रयोगातील सर्वांत बोलका आकडा हाच. उरलेल्यांपैकी ३१६ जणांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटणी झाली. कॉलरच्या गटातील रुग्णाला पहिले दोन दिवस फार तर बारा तास मोकळे सोडीत, रात्री पुन्हा यंत्राच्या हवाली करीत, आणि तिसऱ्या दिवसापासून अहोरात्र मोकळे राहण्याची मुभा देत. देखरेख करणाऱ्यांची नजर त्याच्या मानेच्या ताणलेल्या स्नायूंवर, फुललेल्या नाकपुड्यांवर आणि कपाळावरच्या घामावर खिळलेली असे. दाबाच्या आधाराने श्वास घेणाऱ्याची ही धडपड यंत्र झाकून टाकते, आणि त्याची खरी ताकद किती, याचा अदमास वैद्याला लागत नाही.

२०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा यंत्र सुटण्याचा मध्यक काळ कॉलरच्या गटात १५ दिवस, तर दाबाच्या गटात १९ दिवस भरला. आरंभीच्या निरीक्षणात पहिल्या बारा तासांतच ज्यांना धाप लागली होती, त्यांच्या बाबतीत मात्र हा लाभ दिसला नाही. तो मिळाला अधिक तग धरून मग थकलेल्यांना. आणि सहा महिन्यांनी, तसेच वर्षाने हयात असलेल्यांचे प्रमाण पाहिले तर त्यात दोन्ही गटांमध्ये फरक आढळला नाही.