डिकीतला अदृश्य ध्वनिसरंजाम : समजुती आणि वस्तुस्थिती

मोटारीच्या डिकीत ॲम्प्लिफायर बसवून तो कार्पेट चढवलेल्या फळीआड असा लपवावा, की सामान ठेवणाऱ्यास त्याचा मागमूसही लागू नये, ही हौस अनेकांना असते; आणि चोरीची धास्ती कमी होणे, सामानाचा धक्का न लागणे व डिकीची मूळ शोभा अबाधित राहणे हे तिचे लाभ पाहता ती मला सर्वस्वी समर्थनीय वाटते. मात्र या कामाभोवती काही समजुती अशा रूढ झाल्या आहेत, की त्यांच्यापायी उत्तम यंत्र अकाली निकामी व्हावे आणि प्रसंगी गाडीसही आग लागावी.

पहिली व सर्वांत घातक समजूत ही, की लपवणे म्हणजे चहूबाजूंनी बंद करणे. ॲम्प्लिफायर बॅटरीकडून जितकी शक्ती घेतो तितकी सगळी स्पीकरला देत नाही. क्लास एबी पद्धतीच्या यंत्रात पूर्ण जोरावर जवळजवळ निम्मी, तर क्लास डी पद्धतीच्या यंत्रात सुमारे पंचमांश शक्ती उष्णतेत जाते. म्हणजे 500 वॅटचा क्लास डी ॲम्प्लिफायर पूर्ण क्षमतेने चालला तर सुमारे 125 वॅट उष्णता त्या कप्प्यात सोडतो. संगीतात चढउतार असल्यामुळे प्रत्यक्षातली सरासरी याहून कमी असते हे खरे; पण मे महिन्यात विदर्भात बाहेरची हवाच 45 अंशांवर गेलेली असताना, उन्हात उभ्या गाडीतल्या बंद कप्प्याला तेवढीही पचवणे जड जाते, आणि यंत्रातील संरक्षक व्यवस्था गाण्याच्या मध्येच ते बंद करते. यावर दोन पंखे बसवले म्हणजे भागले, असे पुष्कळ जण मानतात. परंतु थंड हवा आत येण्यास निराळी वाट नसेल, तर पंखे तीच तापलेली हवा घुसळत राहतात. खालच्या कोपऱ्यात प्रवेशमार्ग, तिरप्या समोरच्या वरच्या कोपऱ्यात निर्गममार्ग, आणि दोन्हींचा आकार सारखा, अशी तजवीज हवी. फळीच्या त्या भागावर कार्पेटाऐवजी स्पीकरचे जाळीदार कापड ताणावे; नजरेला ते अडवते, हवेला अडवत नाही. ॲम्प्लिफायर उभा बसवल्यास त्याच्या पात्या उभ्या राहाव्यात, म्हणजे गरम हवा त्यांच्यामधून आपोआप वर जाते. फळीखाली तो उलटा टांगणे तर टाळावेच. पंख्यांची वायर स्टिरिओच्या रिमोट वायरला थेट जोडू नये, कारण त्या वायरीतून अत्यल्प प्रवाहच अपेक्षित असतो. मध्ये रिले घालावा.

दुसरी समजूत फ्यूजविषयीची. ॲम्प्लिफायरवर फ्यूज आहेच, मग बॅटरीपाशी दुसरा कशाला, असा प्रश्न सुज्ञ माणसेही विचारतात. बॅटरीजवळचा फ्यूज वायरचे रक्षण करण्यासाठी असतो. बॉनेटपासून डिकीपर्यंत गालिच्याखालून गेलेली ती लांब वायर वाटेत कोठे घासून बॉडीला चिकटली, तर पुढे यंत्रावर असलेला फ्यूज तिला वाचवू शकत नाही. म्हणून बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, वायरच्या क्षमतेनुसार फ्यूज घालण्याचा प्रघात आहे. वायरही बाहेरून जाड दिसली म्हणजे झाले असे नाही. स्वस्त वायरीत तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम असते, आणि ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्केच असल्याने त्याच जाडीत ती अधिक तापते.

अर्थिंगसाठी सीटबेल्टचा बोल्ट सोयीचा वाटतो. पण तो माणसांच्या जिवासाठी आहे, त्याला हात लावू नये. जवळच बॉडीवरचा रंग खरवडून, पॉझिटिव्हच्याच जाडीची आखूड वायर घट्ट आवळावी आणि त्यावर गंजरोधक थर द्यावा. इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी बहुधा याच सांध्यातील दोषाने येते. ॲम्प्लिफायरला जोडलेल्या कपॅसिटरने शक्ती वाढते ही समजूतही खरी नाही; तो नवी शक्ती निर्माण करीत नाही, एवढे सांगून तो विषय मी सोडतो.

लाकडाविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे. एमडीएफ गुळगुळीत व स्वस्त असल्याने कारागीर तोच सुचवतात. परंतु टेललॅम्पच्या किंवा डिकीच्या रबरातून झिरपलेले पावसाचे पाणी स्टेपनीच्या खळग्यात साचते, आणि ओलावा लागताच एमडीएफ फुगतो. कोकणात व मुंबईत वॉटरप्रूफ प्लायच घ्यावा, आणि ॲम्प्लिफायर खळग्याच्या तळापासून उंच बसवावा. सबवूफरच्या पेटीवर तो स्क्रूने ठोकणे सोपे असले, तरी सततच्या कंपनाने सांधे सैल होतात.

सीएनजीची टाकी असलेल्या गाडीत तिच्यामागची रिकामी जागा मोह घालते. तिथे कप्पा करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकीचा व्हॉल्व्ह हाताशी असला पाहिजे, गळती झाल्यास वायू बाहेर नेणारी नळी मोकळी राहिली पाहिजे, आणि दर 3 वर्षांनी हायड्रो टेस्टसाठी टाकी काढावी लागते.

शेवटची समजूत अशी, की एकदा बसवलेला सरंजाम पुन्हा उघडावा लागणार नाही. फ्यूज आणि गेनची बटणे हाती यावीत म्हणून फळी चुंबकांवर किंवा क्लिपांवर बसवावी, वायरीत थोडा ढिलावा ठेवावा, स्टेपनी व जॅक निघण्याची वाट मोकळी ठेवावी. तसेच कंपनीच्या मूळ किमतीत समाविष्ट नसलेली विद्युत उपकरणे जादा हप्ता भरून विम्यात नोंदवावी लागतात. सबब फळी लावण्यापूर्वी आतल्या जोडणीची छायाचित्रे काढून ती खरेदीच्या पावत्यांसह जपून ठेवावीत.